सी मेली का, असं विचारणाऱ्या सिडकोतल्या मुलाला

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, मी नाशिकला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिडकोत राहतो. पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो आणि खरंच आवडली, पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, कळले त्या रात्री झोपच आली नाही. आता आमचा पाच जणांचा ग्रुप झालाय, सुट्टीच्या दिवशी बसून जुन्या भाषा करून बघतो, पास्कल झाली, कोबोल चालू आहे, एकजण फोर्ट्रान करतोय. पण माझा आतेभाऊ हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो तुम्ही म्युझियममध्ये जाऊन बसलाय, सी मेली, पायथन आणि एआय कर नाहीतर प्लेसमेंटला बोंब. आणि कॉलेज रोडचा एक क्लासवाला बरोब्बर उलटं सांगतो, की जुने कोबोलवाले रिटायर होतायत, ४८ हजारांत मेनफ्रेमचा कोर्स कर, जॉब गॅरंटी. बाबा अंबडला सीएनसीवर ऑपरेटर आहेत, ४८ हजार आम्हाला लहान रक्कम नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला यातलं काय कळतं, तू ठरव. मागच्या महिन्यात कॉलेजच्या हॅकेथॉनला वेबसाइट करायची होती, मला काहीच जमलं नाही, गप्प बसून राहिलो. जुन्या भाषा सोडून देऊ का?"

अरे, पहिलं उत्तर एका शब्दात देते, नको सोडू. आणि दुसरं तेवढ्याच घाईने देते, ते ४८ हजार भरू नको. बाकीचं आता निवांत बोलू.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य तुझं नाहीये, तुझ्या बाबांचं आहे, "मला यातलं काय कळतं". अरे तुझे बाबा रोज शिफ्टला जाऊन ज्या मशीनसमोर उभे राहतात ना, ते मशीन जी-कोडवर, म्हणजे अक्षर आणि आकड्यांत लिहिलेल्या हुकमांवर चालतं, आणि जी-कोड ही तुझ्या सी पेक्षा जुन्या घराण्यातली गोष्ट आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये पंच टेपवरून हुकूम घेणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा दाखवलं, तिथून ही सगळी न्यूमरिकल कंट्रोलची, म्हणजे आकड्यांनी मशीन चालवण्याची वंशावळ सुरू होते, सीएनसी त्यातलंच. कोबोल त्यानंतर सातेक वर्षांनी, सी तर थेट १९७२ च्या आसपासची. म्हणजे तुमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये जी भाषा कोणी अजून उघडलीच नाही, ती तुझ्या घरात एक माणूस पोटापाण्यासाठी वापरतोय, आणि अंबड सातपूरला अशी कितीतरी माणसं आहेत. जी झिरो झिरो म्हणजे रॅपिड, न कापता भरभर सरकणं, जी झिरो वन म्हणजे फीडने, कापायच्या ठरलेल्या वेगाने, सरळ काप, एम झिरो थ्री म्हणजे स्पिंडल, तो फिरणारा भाग, चालू, एम थर्टी म्हणजे प्रोग्राम संपला, हे त्यांना झोपेत विचारलंस तरी सांगतील. ते ऑपरेटर असतील, प्रोग्राम दुसरा कोणी लिहीत असेल, तरी ऑफसेट टाकताना, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ चालवून बघताना ते प्रोग्राम वाचतातच, नाही वाचला तर टूल चकवर जाऊन आदळेल. हे डिबगिंगच आहे, फक्त इथे बग लोखंडात येतो. तुला यातलं काय कळतं असं त्यांना कोणी म्हणायचं कारण नाही, त्यांनी स्वतःही नाही. यावर मी परत येणार आहे कारण तुझ्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर तिथेच आहे.

आधी आतेभाऊ. तो वाईट सांगत नाहीये, तुझ्या काळजीनेच बोलतोय, पण "मेली" हा शब्द चुकलाय. तो ज्या पायथनचं नाव घेतो ती १९९१ ला पहिल्यांदा बाहेर आली, म्हणजे तो पंचविशीचा तिशीचा जो काय असेल त्याच्यापेक्षा पायथन थोरली, आणि जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी या तिन्ही १९९५ च्या, पायथनहून धाकट्या. डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल तर १९७४ ची, ती कोणी जुनी म्हणून सोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे वयावरून ठरवायचं तर सगळं दुकानच बंद करावं लागेल. आणि जो पायथन आपण सगळे डाउनलोड करून वापरतो ना, तो स्वतः सी मध्ये लिहिलेला आहे. तुझ्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा आहे तो मुख्यतः सी, फोनमधली अ‍ॅप्स ज्यात डेटा ठेवतात ती एसक्यूलाइट सी, कोडमधले बदल नोंदवून ठेवायला आतेभाऊ रोज ऑफिसात वापरतो ते गिट सी. पायथनमध्ये मॅट्रिक्सची गणितं करताना खाली जी लॅपॅक नावाची लायब्ररी असते ती मुळातली फोर्ट्रानची. आणि फोर्ट्रान म्हटल्यावर तुमच्या ग्रुपमधल्या त्या मुलाला एवढं सांग, की दिंडोरी निफाडकडचे द्राक्षवाले अवकाळी येतोय का म्हणून ज्या अंदाजाकडे जीव मुठीत धरून बघतात, तो अंदाज ज्या हवामान मॉडेलांतून निघतो त्यातली मोठमोठी मॉडेलं आजही फोर्ट्रानमध्येच आहेत. १९५७ ची भाषा आहे ती.

पण आतेभावाच्या बोलण्यात जे खरं आहे ते पण ऐक. सी मध्ये मेमरीची जबाबदारी सगळी तुझ्यावर असते, आणि माणूस चुकतो. सिक्युरिटीच्या मोठमोठ्या भोकांमागे पुष्कळदा हेच कारण असतं, अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं, फ्री केलेली मेमरी परत वापरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या सायबर ऑफिसने रिपोर्टच काढला की बाबांनो नवीन सॉफ्टवेअर मेमरी सांभाळणाऱ्या भाषांत लिहा. लिनक्सच्या कर्नलमध्ये पण २०२२ च्या डिसेंबरला आलेल्या ६.१ पासून रस्ट या मेमरी सांभाळणाऱ्या भाषेला दार उघडलंय. आणि नाशिकमधून कॅम्पसला बसणाऱ्या मुलाला मुलाखतीत पायथन नाहीतर जावा, एसक्यूएल, थोडं वेब हे विचारणारच, तिथे मला पास्कल येते म्हणून भागणार नाही. तेव्हा सी मेली नाही हे खरं आणि नुसत्या सी वर नोकरीचं भागणं अवघड हेही खरं, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आता एक गोष्ट जी तुला कोणीच सांगितली नसेल असं वाटतं, कारण पत्रात तू कॉलेजच्या लॅबचा फोटो जोडलायस त्यात ती निळी स्क्रीन दिसतेय. टर्बो सी. जुनी भाषा आणि जुनं अवजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे सगळा घोळ इथे होतो. भाषा म्हणून सी सुधारत आलीये, १९८९ चं स्टँडर्ड, मग ९९, मग २०११, आता २३ पण आलंय. पण आपण शिकवतो ते बोरलँड कंपनीच्या १९९० च्या आसपासच्या, डॉस या जुन्या सिस्टिमवरच्या कंपायलरवर, जो आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालत पण नाही, डॉसबॉक्स नावाचं खोटं डॉस उभं करून त्यात चालवावा लागतो. त्यात पोरं शिकतात काय तर क्लियर स्क्रीन आणि गेटसीएच, जे सी चे भागच नाहीयेत, ते कोनिओ नावाच्या डॉसच्या हेडरमधले. व्हॉइड मेन शिकतात. गेट्स वापरायला शिकतात, जे फंक्शन इतकं धोकादायक की २०११ च्या स्टँडर्डमधून काढूनच टाकलं. आणि मग हीच पोरं बाहेर पडून म्हणतात सी जुनाट आहे. अरे सी नाही जुनाट, तुझ्यासमोर जे ठेवलं ते जुनाट होतं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण चांगल्या मुलांची चांगल्या भाषेशी पहिली ओळखच अशी करून दिली जाते.

तेव्हा आजच्या आज हे कर. विंडोज लॅपटॉप असेल तर त्यात डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, चालू करून उबुंटू हे लिनक्स टाक, फुकट आहे, नाहीतर घरात जुना कॉम्प्युटर पडला असेल तर त्यावर थेट लिनक्स टाक. जीसीसी हा आजचा कंपायलर घे. कंपाइल करताना नेहमीच्या महत्त्वाच्या वॉर्निंग दाखवणारा डब्ल्यू-ऑल फ्लॅग लाव आणि प्रोग्राम चालताना चुका पकडणारे सॅनिटायझर चालू कर, अ‍ॅड्रेसचा आणि अनडिफाइन्डचा असे दोन्ही. तुझा पहिल्या वर्षाचा एखादा प्रोग्राम जो टर्बोत "बरोबर" चालत होता तो यात चालवून बघ, माझी खात्री आहे की दोनचार ठिकाणी लाल अक्षरं येतील, अ‍ॅरेच्या एक घर पुढे लिहिलंय वगैरे. ज्या रात्री पॉइंटर कळले त्या रात्रीपेक्षा ही रात्र जास्त जागायची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मात्र कॉलेज जे मागेल ते दे, जर्नल तसंच लिही, एक्स्टर्नलसमोर वाद घालायला जाऊ नको, मार्क महत्त्वाचे आहेत. घरी आल्यावर खरं सी.

आता कोबोल आणि ते ४८ हजार. इथे मी ऐकीव बोलत नाही, मी स्वतः ११ वर्षं मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-इन्शुरन्सवाल्यांच्या त्या मोठ्या कॉम्प्युटरवर काढलीत, नाशिकहून मुंबईला गेले १९९८ मध्ये, तेव्हा वायटूकेची धावपळ चालू होती, वर्ष दोन आकड्यांत साठवलेलं असायचं आणि ९९ नंतर ०० आलं की हिशेब उलटे होणार म्हणून जगभर जुने कोबोल प्रोग्राम उघडून बसलो होतो आम्ही. मला कोबोल येत नव्हती तेव्हा. कंपनीने घेतलं आणि मग कंपनीनेच शिकवली. माझ्या बरोबरच्या बहुतेकांचं असंच झालं, नंतर मी ज्यांना घेतलं त्यांचंही, फ्रेशरला आधी घ्यायचं आणि मग कोणाला मेनफ्रेमला टाकायचं ते कंपनी ठरवायची. क्लासचं कोबोलचं सर्टिफिकेट बघून फ्रेशरला घेतल्याचं माझ्या पाहण्यात एकही उदाहरण नाही.

क्लासवाल्याच्या बोलण्यातही खऱ्याचा अंश आहेच, म्हणून तर ते गळी उतरतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे बेकारी भत्त्याचे अर्ज एवढे वाढले की अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की आम्हाला कोबोल येणारी माणसं हवीत. बँका, इन्शुरन्स यांचा मोठा कारभार अजून त्यावर आहे हे खरंच. पण जिथे माणसं कमी पडतात ती कसली तर अनुभवी, ज्यांना तो चाळीस वर्षं जुना व्यवहार कळतो ती. नुसती कोबोलची वाक्यरचना चार आठवड्यांत येते, इंग्रजीसारखीच आहे ती, पण जेसीएल, व्हीसॅम, डीबीटू, सीआयसीएस ही मेनफ्रेमवरची बाकीची अवजारं, आणि त्या कंपनीचा धंदा हे सगळं कामावर गेल्यावरच येतं. तेव्हा त्या क्लासवाल्याला एकच विचार, जॉब गॅरंटी कागदावर लिहून द्या, नाही लागली तर पैसे किती दिवसांत परत तेही लिहा. काय उत्तर येतं बघ, आणि बाबांना बरोबर घेऊन जा विचारायला, एकटा जाऊ नको. आणि कोबोल शिकायचीच आहे ना, तर ग्नूकोबोल नावाचा कंपायलर फुकट मिळतो, आणि खऱ्या मेनफ्रेमवर हात लावून बघायचा असेल तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर म्हणून आहे, तेही फुकट. ४८ हजारांत आहे त्या लॅपटॉपची रॅम वाढव आणि उरलेले बाबांकडेच राहू दे.

पण मग कोबोल करण्यात अर्थ काय असं विचारशील. मला काय मिळालं ते सांगते. एका क्लायंटकडे प्रीमियमचा रिपोर्ट जुळत नव्हता. दर महिन्याला बाकी सगळं बरोबर आणि मधेच एखाददुसऱ्या पॉलिसीत लाखाचा फरक. तीन दिवस शोधत होतो आम्ही. शेवटी सापडलं ते असं, रकमेची जागा होती पाच आकडे आणि दोन पैशांचे आकडे, ज्याने लिहिलं त्याच्या काळी कोणाचा प्रीमियम लाखावर जात नसणार. १,०२,५०० आली की डावीकडचा १ गळून जायचा आणि साठायचे २,५००. एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप. कोबोलमध्ये साइज एररची अट घालता येते, ती घातली नव्हती. त्या दिवसापासून कुठलाही आकडा दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, याला जागा किती दिलीये आणि ती भरली तर काय होईल.

आता हाच प्रश्न घेऊन बाकीच्या भाषांत फिर, बघ काय दिसतं. टर्बो सी मध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटची, ३२७६७ मध्ये १ मिळवला की उणे ३२७६८. जीसीसीवर ती ३२ बिटची, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. आता जुन्या सिस्टिममध्ये वेळ याच ३२ बिटांत सेकंद मोजून ठेवलेली असते १९७० पासून, ती जागा १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते, तेव्हा तू तिशीत असशील आणि माझ्या वायटूकेसारखं काम तुझ्या पदरात पडलेलं असू शकतं. पायथनचा साधा इंट हवा तेवढा वाढतो, तिथे हा प्रश्न दिसतच नाही, छान आहे. पण नमपाय या पायथनच्या गणिताच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत ८ बिटचा इंट घेतलास तर १२७ नंतर परत उणे १२८, तेही गुपचूप. आणि आतेभाऊ ज्या एआयचं नाव घेतो तिथे मोठी मॉडेलं छोट्या मशीनवर बसवायला आकडे ८ बिटांत कोंबणं हे रोजचं काम आहे. पैशांचं पण बघ, पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ कर, ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, कारण बायनरीत ०.१ नीट मावतच नाही. कोबोलवाल्यांनी पैसे पहिल्यापासून दशमानात ठेवले म्हणून बँकेचा पैसा न् पैसा जुळत आला. पायथनलाही त्यासाठी डेसिमल म्हणून वेगळं मॉड्यूल ठेवावं लागलं. एक प्रश्न पकडून चार भाषांत फिरलास की जे कळतं ना, ते एआय कर म्हणून सांगणाऱ्या चाळीस व्हिडिओंत मिळत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांनी जुनी भाषा शिकायची ती यासाठी, त्यांच्यात मशीन अजून उघड्यावर दिसतं.

मात्र एक गोष्ट मला तुमच्या ग्रुपची आवडली नाही, आणि ती स्पष्ट सांगते. "पास्कल झाली." किती दिवसांत झाली? दोन रविवार? हॅलो वर्ल्ड, फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम आणि पुढची भाषा, असं चाललं असेल तर ते तिकिटं जमवण्यासारखं आहे. मीही मुलाखती घेतल्यात, सात भाषा लिहिलेला मुलगा समोर बसला की मी एकच विचारायची, यातल्या कुठल्या भाषेत तू असं काही केलंस जे दुसऱ्या कोणी वापरलं? बहुतेक गप्प व्हायचे.

आणि दुसरी, जरा अवघड. हॅकेथॉनला काही जमलं नाही, गप्प बसून राहिलो असं लिहितोस, आणि मला वाटतं खरी दुखरी जागा ती आहे. जुन्या भाषांत तुला बरं वाटतं कारण त्या लहान आहेत, सगळी भाषा डोक्यात मावते, दर सहा महिन्यांनी बदलत नाही, आणि तिथे तुझ्यापेक्षा पुढे गेलेला कोणी शेजारी बसलेला नसतो. यातलं पहिलं कारण फार चांगलं आहे. शेवटचं नाही. आवड म्हणून रविवारी सी उघडणं वेगळं आणि वेबची भीती वाटते म्हणून उघडणं वेगळं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, तुझं तुलाच आतून कळेल. हॅकेथॉनला गप्प बसलास यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तुला एचटीएमएल कोणी शिकवलं नव्हतं आणि तू शिकला नव्हतास, एवढंच झालं. पॉइंटर समजलेल्या मुलाला एक साधं वेब पेज आणि मागे छोटा सर्व्हर हे दोन महिन्यांत येतं, रोज तासभर बसलास तर. हे दोन महिने तू द्यायचेसच, याला पर्याय नाही.

आता ते, ज्यासाठी मी एवढी लांबड लावली. प्रोजेक्ट. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर बस, आणि त्यांना सांग की मला जी-कोड शिकवा. कंपनीचा प्रोग्राम किंवा ड्रॉइंग घरी आणायला अजिबात सांगू नको, ते कंपनीचं असतं आणि त्यावरून त्यांच्या नोकरीला त्रास होईल, त्यांना कागदावर एक खोटा जॉब, म्हणजे मशीनवर कापायचा तुकडा, काढायला सांग, साधा गोल बार, ५० मिलीमीटरचा व्यास, थोडा टर्न करायचा. वीस पंचवीस ओळी होतील. मग सी मध्ये असा प्रोग्राम लिही जो ही फाइल ओळीओळीने वाचेल आणि दोन कामं करेल. एक, चुका पकडेल, म्हणजे स्पिंडल चालू न करताच फीडने कापायला निघालाय, किंवा फीड दिलेलाच नाही, किंवा रॅपिडमध्येच टूल जॉबच्या आत घुसतंय. दुसरं, एकूण किती वेळ लागेल तो काढेल.

सोपं वाटतंय ना? करायला घे मग कळेल. पहिली अडचण, जी झिरो वन एकदा लिहिला की पुढच्या ओळींत परत लिहीत नाहीत, तो दुसरा जी येईपर्यंत लागूच राहतो, म्हणजे तुझ्या प्रोग्रामला आत्ता कुठली अवस्था चालू आहे हे लक्षात ठेवावं लागेल, एक स्ट्रक्चर लागेल, आणि पुस्तकात ज्याला स्टेट मशीन म्हणतात ते तू न ठरवता लिहून बसशील. दुसरी, लेथवर एक्स हा साधारणपणे व्यासात देतात, म्हणजे ५० वरून ४८ ला गेलं तर टूल २ नाही, १ मिलीमीटर सरकलं. हे तुला कुठल्याही कॉम्प्युटरच्या पुस्तकात मिळणार नाही, बाबा हसत हसत सांगतील. तिसरी, लेथचा फीड बहुतेकदा एका फेऱ्याला किती मिलीमीटर असा असतो. समज ८० मिलीमीटर लांबी कापायची, फीड ०.२ आणि स्पिंडल १००० आरपीएम, तर मिनिटाला २०० मिलीमीटर, म्हणजे ०.४ मिनिट, २४ सेकंद. सुरुवातीला जी नाइन्टीसेव्हन, म्हणजे ठरलेल्या आरपीएमवरच कर, जी नाइन्टीसिक्सच्या कॉन्स्टंट सरफेस स्पीडला हात लावू नको, तिथे व्यास बदलला की आरपीएम बदलतो, ते पुढच्या महिन्यात. आणि एक कायमचं लक्षात ठेव, हा प्रोग्राम फक्त वाचणारा आहे, त्यातून निघालेलं काहीही खऱ्या मशीनवर चालवायचं नाही.

सी मध्ये याच्या दीडदोनशे ओळी होतील. झालं की तेच पायथनमध्ये लिही, बहुतेक पाव भागात बसेल, आणि स्ट्रिंग तोडण्यात सी मध्ये तुझा जेवढा घाम निघाला तो सगळा पायथनने कुठे नेऊन ठेवला हे आता तुला दिसेल, कारण तू आधी स्वतः केलेलं असेल. मग त्यावर एक वेब पेज चढव, फाइल टाका, चुका आणि वेळ बघा, एवढंच. वेबची भीती पण तिथेच जाईल कारण दाखवायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल. ग्रुपमधल्या फोर्ट्रानवाल्यालाही घे, टूलचा रस्ता स्क्रीनवर काढायचं काम त्याला दे. मुलाखतीत समोरच्याने विचारलं तुझा प्रोजेक्ट काय, तर लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम सांगणाऱ्या पन्नास मुलांत तू एकटा सांगशील की माझे बाबा सीएनसीवर आहेत, त्यांच्या मशीनचा प्रोग्राम तपासणारं टूल मी सी मध्ये लिहिलं, आणि त्यातली व्यासाची चूक त्यांनी पकडून दिली.

या सेमिस्टरचं सबमिशन संपलं की हा प्रोजेक्ट सुरू कर, त्याआधी नको, बॅकलॉग ठेवून यात पडलास तर मला वाईट वाटेल. आणि आतेभावावर रागावू नको, पायथनचा भाग झाला की त्यालाच कोड रिव्ह्यूला दे, हिंजवडीत रोज हेच करतो तो, चांगल्या चुका काढेल.

झाल्यावर बाबांना असाच एखादा साधा जॉब मशीनवर लागला तर स्क्रीनवरचा सायकल टाइम बघून यायला सांग, आणि त्याच मापांचा हिशेब तुझ्या प्रोग्रामने कर. दोन्ही आकडे मला लिहून पाठव. फरक येणारच, टूल बदलायला लागलेला वेळ, रॅपिडचा वेळ, स्पिंडल वेग पकडेपर्यंतचा वेळ यातलं काहीतरी तू धरलेलं नसेल. नेमकं काय राहिलं ते मात्र मला विचारायच्या आधी त्यांना विचार.